वारा कुठून?

हवामान खात्याच्या पत्रकात ‘नैऋत्य वारे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते वारे नैऋत्येकडून येत असतात. राजकीय बातमीत ‘वारे सत्ताधाऱ्यांच्या दिशेने वाहू लागले’ असं छापलेलं असतं तेव्हा ते कुठून सुटले याचा पत्ता नसतो, कुठे चालले एवढंच कळतं. एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर, घडीच्या वर आणि खाली, हे दोन वारे शेजारी नांदतात आणि उलट्या व्याकरणाने वाहतात. पहिल्याची ओळख उगमावरून, दुसऱ्याची मुक्कामावरून. गोव्याच्या मराठी वर्तमानपत्रांत ही गंमत रोज भेटते, कारण इथे दोन्ही वाऱ्यांचा सुकाळ आहे: चार महिने अरबी समुद्रावरून येणारा आणि बारा महिने पर्वरीच्या विधानसभेवरून येणारा.

वाऱ्याला नाव तो जिथून येतो तिथलं मिळतं हे शाळेत सगळेच शिकतात आणि बातमी लिहिताना निम्मे विसरतात. घात होतो तो ‘दिशेने’ या शब्दापाशी. ‘वायव्य दिशेने वारे वाहतील’ हे वाक्य मराठी वाचक ‘वायव्येकडे जातील’ असंच वाचणार. ‘मडगावच्या दिशेने गेला’ म्हटल्यावर तो मडगावहून आला असं कोण समजेल? इलाज एका प्रत्ययाचा आहे: ‘वायव्येकडून’. समुद्राच्या प्रवाहाचं मात्र नेमकं उलटं. त्याला नाव तो जिकडे जातो तिकडचं. इंजिन बंद पडून भरकटलेल्या होडीच्या बातमीत हे दोन्ही एकत्र येतात. वारा वायव्येचा आणि प्रवाह दक्षिणेचा, असं वाचलं की वाटतं दोघांची ओढाताण चालली असेल आणि होडी जागच्या जागी डुलत असेल. प्रत्यक्षात वारा तिला आग्नेयेकडे लोटतो, प्रवाह दक्षिणेकडे नेतो, म्हणजे दोघे जवळपास एकाच बाजूला ओढतात. शोध दक्षिणेला बेतूलच्या बाजूला घ्यायचा की उत्तरेला शापोऱ्याच्या, हे त्या एका प्रत्ययावर ठरतं. (वायव्य ही तशी वायूच्याच मालकीची दिशा. उन्हाळ्यात दुपारी गोव्याच्या किनाऱ्यावर येणारा वाराही बहुधा तिकडूनच येतो.)

भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे किनाऱ्यावरच्या बातमीदाराला मात्र रोजच्या कामाला लागतात. दिवस तापला की जमीन समुद्रापेक्षा लवकर गरम होते, उशिरा सकाळपासून वारा समुद्रावरून आत येतो, दुपारी जोर धरतो. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, पहाटेपर्यंत वारा उलटा जमिनीवरून पाण्यात जातो. हे मतलई. आता हे वास्कोच्या कोळशाच्या बातमीला लावून पाहा. कोळसा उतरतो ते मुरगाव बंदर शहराच्या पश्चिमेला आहे. दुपारचा वारा ढिगांवरची धूळ शहरात आणतो, पहाटेचा ती समुद्रात नेतो. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम १० ची, देशातली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. या सरासरीत पहाटेचे स्वच्छ तासही मोजले जातात. म्हणून ‘प्रदूषण मर्यादेतच’ असं पत्रक आणि दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला काळा थर, दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकतात. अशा बातमीत ‘कोळशाची धूळ उडते’ एवढंच लिहिणं कमी पडतं. किती वाजता, वारा कुठून, आणि आकडा तासाचा की दिवसाचा, ही तीन उत्तरं असली की ती बातमी कुणालाही सहज झटकता येत नाही.

दिशेनंतर वेग. समजा मेमधल्या एका रात्री आल्तिनोवरच्या वेधशाळेचं पत्रक आलं आहे. त्यात एवढंच आहे: उत्तर आणि दक्षिण गोव्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर, झोत ६० किलोमीटरपर्यंत. दहा मिनिटांत त्याचा मथळा होतो: ‘गोव्यात आज ताशी ६० किमी वेगाने वारे’. आकडा पत्रकातलाच, तरी बातमी चुकली. पहिली चूक ‘तुरळक ठिकाणी’ गळण्याची. हवामान खात्याच्या भाषेत हा मोजलेला शब्द आहे: एकूण निरीक्षण केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी. ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘सर्वत्र’ या त्याच्या पुढच्या पायऱ्या, प्रत्येकी पंचवीस टक्क्यांच्या. दुसरी चूक झोताला वेग म्हणण्याची. वेग म्हणजे काही मिनिटांची सरासरी, झोत म्हणजे काही सेकंदांचा धक्का. भारतात चक्रीवादळाच्या वाऱ्याची सरासरी तीन मिनिटांची धरतात, अमेरिकेत एका मिनिटाची, जागतिक हवामान संघटनेचा संकेत दहा मिनिटांचा. सरासरीचा काळ जितका लहान तितका आकडा मोठा. परदेशी संकेतस्थळावरचा आकडा उचलून आपल्या खात्याच्या वर्गवारीशेजारी बसवला की ‘खात्याने वादळाची तीव्रता लपवली’ अशी फुकटची बातमी तयार होते. तिसरी चूक ‘आज’ची, पत्रक कधी सुरू होतं आणि कधी संपतं हे त्यावरच लिहिलेलं असतं, आणि ते तास वर्तमानपत्राच्या ‘आज’शी क्वचितच जुळतात.

पत्रकात वेग नॉटमध्ये असेल तर एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. घाईत नुसतं दुप्पट करणाऱ्यांनी त्यातून साडेसात टक्के वजा करावेत. ३५ नॉटचे ७० होतात, त्यातले पाच गेले की ६५, आणि खरं उत्तर ६४.८ आहे.

वेगाच्या आकड्याबद्दल इतकं किटकिट करायचं कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट, ८० झाला की रेटा चौपट, तीस किलोच्या आसपास. सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच जाहिरात फलक घ्या, अठरा चौरस मीटर. चाळीसच्या वाऱ्यात त्याच्यावर १३५ किलो, ऐंशीच्या वाऱ्यात ५४० किलो. हे गणित उपसंपादकाच्या टेबलावर असायला हवं, कारण दर पावसाळ्याच्या तोंडाला ‘वाऱ्यामुळे फलक कोसळला’ ही बातमी येतेच. बांधकामावरचा वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा तीन सेकंदांचा झोत, दहा मीटर उंचीवरचा, पन्नास वर्षांत एकदा येईल असा. तात्पुरत्या बांधकामाला आणि दाट वस्तीला त्यात सवलत मिळते, तरीही हिशेब साठच्या बराच वर राहतो. मग ताशी साठच्या झोतात कोसळलेल्या फलकाच्या बातमीत ‘वाऱ्यामुळे’ हा शब्द एकटा कसा चालेल? फलक कुणी उभारला, परवाना कुणी दिला, पाया किती खोल होता, हे सगळे कर्ते त्या ‘मुळे’च्या आड बसतात. वारा काही खुलासा द्यायला येत नाही.

झाडांच्या बातमीतही हाच आळस दिसतो. प्रत्येक झाड ‘उन्मळून’ पडतं. उन्मळणं म्हणजे मुळासकट उखडणं. बुंध्यातून तुटलं तर मोडलं, फांदी आली तर फांदी कोसळली. हा शब्दच्छल वाटेल, पण निदान त्यातच असतं. उन्मळलेल्या झाडाची मुळं उथळ असतात, किंवा गटारासाठी आणि पेव्हरसाठी ती एका बाजूने छाटलेली असतात; गुलमोहर असाच जातो. मधोमध मोडलेल्या झाडाचा गाभा बहुतेक वेळा पोखरलेला निघतो. अग्निशामक दलाच्या यादीत दोन्ही ‘पडझड’ म्हणून येतात. बातमीदार घटनास्थळी गेला असेल तरच फरक कळतो, आणि मग बातमी वाऱ्याची राहत नाही, गटाराच्या कंत्राटाची होते.

उपकरण हाताशी नसलेल्या माणसाने वाऱ्याचा वेग सांगायचा कसा? बोफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये शिडं बघून केलेली मोजपट्टी पुढे जमिनीवरच्या खुणांना लावली गेली, ती अजून चालते. धूळ आणि कागद उडतात तेव्हा ताशी वीस ते अठ्ठावीस. लहान झाडं डोलू लागली की तिशीत. मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री सांभाळणं कठीण होतं ते चाळिशीत. अख्खं झाड हलतं आणि समोरून चालणं जड जातं ते पन्नासच्या वर. डहाळ्या तुटू लागल्या की साठ ओलांडले. ‘सोसाट्याचा वारा’ लिहिण्यापेक्षा ‘छत्र्या उलटत होत्या’ लिहिलं तर आकडा नसूनही बातमीत आकडा येतो.

आता चक्रीवादळ. इथे शब्दांच्या पायऱ्या पक्क्या आहेत आणि एकही पायरी गाळता येत नाही. वाऱ्याचा वेग १७ नॉटच्या आत आहे तोवर कमी दाबाचं क्षेत्र. १७ ते २७ नॉट डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन. ३४ नॉटला, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे, चक्रीवादळ, आणि तिथेच त्याला नाव मिळतं. ४८ ला तीव्र, ६४ ला अतितीव्र, ९० ला अत्यंत तीव्र, १२० नॉटला महाचक्रीवादळ. २०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात ‘क्यार’ त्या पायरीपर्यंत चढलं होतं. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो या शिडीच्याही खालच्या एका शब्दाचा. पत्रकात बऱ्याचदा असतं, ‘पूर्वमध्य अरबी समुद्रावर चक्राकार वाऱ्यांची स्थिती, समुद्रसपाटीपासून ३.१ किलोमीटर उंचीवर’. ही हवेच्या वरच्या थरातली भोवऱ्यासारखी हालचाल आहे. पावसाळ्यात अशा स्थिती येत-जात राहतात आणि त्यातल्या फार थोड्या पुढे कशात बदलतात. पण ‘चक्राकार’ आणि ‘चक्रीवादळ’ यांत घाईच्या डोळ्याला फारसं अंतर दिसत नाही. मथळ्यात ‘चक्रीवादळाची स्थिती’ झालं की मालिम आणि कुटबणच्या मासेमारी जेटीवर फोन खणखणू लागतात. ‘३.१ किलोमीटर उंचीवर’ हे शब्द कंटाळवाणे वाटले तरी काढू नयेत. घबराट त्यांनीच थांबते.

‘खवळलेला समुद्र’ हा मला आवडणारा शब्द, कारण तो अलंकार वाटतो आणि प्रत्यक्षात माप आहे. लाटांची उंची अडीच ते चार मीटर असली की समुद्र खवळलेला, चार ते सहा असली की अतिखवळलेला. खवळण्यासारख्या माणसाच्या क्रियेला कुणीतरी मीटरपट्टी लावून ठेवली आहे. पत्रकात ती असताना बातमीत ‘रौद्र रूप’, ‘तांडव’ वगैरे घालणाऱ्याने चांगला मोजलेला शब्द फेकून न मोजलेला घेतलेला असतो.

चक्रीवादळाच्या नावांचाही छळ असतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रासाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं दिली, १६९ नावांची ती यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. मे २०२१ च्या वादळाचं नाव म्यानमारचं, रोमन लिपीतल्या अक्षरांवरून मराठीत ‘तौक्ते’ झालं; उच्चार ‘ताउते’च्या जवळचा. बांगलादेशाने दिलेलं ‘निसर्ग’ जून २०२० मध्ये आलं तेव्हा वेगळीच पंचाईत. ‘निसर्गाचा तडाखा’ म्हणजे वादळाचा की निसर्गाचा? भारताने दिलेलं ‘वायू’ २०१९ मध्ये येऊन गेलं होतं, तेव्हा ‘वायू’ला वारा म्हणावं की गॅस, हा प्रश्न होताच. अशा नावांना अवतरणचिन्ह सोडू नये, आणि पहिल्या उल्लेखात ‘चक्रीवादळ’ हा शब्द चिकटलेला असावा. विशेषनाम आणि सामान्यनाम यांची ही भानगड माणसांनाही लागू आहे. पवन, अनिल, समीर, मारुती ही सगळी वाऱ्याची नावं किंवा वाऱ्याच्या घरातली. ‘पवनला अटक’ असा मथळा देण्यापूर्वी आडनाव जोडलेलं बरं.

त्याच २०२१ च्या वादळात १६ मे रोजी गोव्यात झाडं, वीजखांब, छपरं पडली, वीज गेली. तरी वादळ गोव्यावर ‘धडकलं’ नव्हतं. त्याचं केंद्र समुद्रातून उत्तरेकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. धडकणं हे केंद्र जमिनीवर येण्यासाठी राखून ठेवलेलं क्रियापद आहे. केंद्र न धडकताही एवढं नुकसान का, याचं उत्तर दिशेत आहे. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. वादळ उत्तरेकडे सरकत असेल तर त्याच्या उजव्या अंगाला फिरणाऱ्या वाऱ्यात सरकण्याचा वेगही मिळतो, आणि गोवा उजव्या अंगाला होता. केंद्र कुठे आहे हे मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहूनही कळू शकतं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला, जरासं पुढे. वादळ नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून, समोर, म्हणजे पश्चिमेला, आलं की दक्षिणेकडून, पुढे सरकलं की नैऋत्येकडून येतो. वाऱ्याने असा फेरा घेतला की वादळ उत्तरेला गेलं.

वाऱ्याकडे पाठ म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच आठवतं: वारा येईल तशी पाठ द्यावी. राजकीय सदरांत ही म्हण इतकी वापरली जाते की ती मुळात शेतातल्या, होडीतल्या माणसाची शहाणीव होती हे विसरायला होतं. पक्ष बदलणाऱ्याला ‘वातकुक्कुट’ म्हणतात, तेही तपासून पाहण्यासारखं आहे. छपरावरचा कोंबडा वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उभा राहतो, पाठ देत नाही. त्याची चोच उगम दाखवते. पक्षांतराच्या बातमीत आपल्याला नेमकी ती चोच हवी असते.

एक काळ होता जेव्हा गोव्यात बातमी खरोखरच वाऱ्यावर यायची. लिस्बनहून जहाजं साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत, आफ्रिकेला वळसा घालून मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी पोचत, आणि परतायला ईशान्य वारे सुटेपर्यंत थांबत. पोर्तुगालमध्ये क्रांती झाली ऑगस्ट १८२० मध्ये. गोव्यात तिचे पडसाद उमटून व्हाइसरॉय पायउतार झाला तो सप्टेंबर १८२१ मध्ये, आणि त्याच वर्षअखेरीस ‘गॅझेटा द गोवा’ निघू लागलं. ‘परिवर्तनाचे वारे’ हा शब्दप्रयोग शब्दशः लागू पडावा असा तो प्रसंग. आज तो मराठी मथळ्यांत जसा फिरतो त्यामागे ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांच्या ३ फेब्रुवारी १९६० च्या केपटाऊनमधल्या भाषणाची छाया आहे असं मला वाटतं. त्यांचा वारा एकवचनी होता आणि तो आफ्रिका खंडावरून वाहत होता. मराठीत तो अनेकवचनी झाला आणि ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीपर्यंत खाली आला.

मराठीने या कामासाठी शब्दांची वाटणी मोठी छान केली आहे. ‘वारे’ सुटतात ते अजून घडायचं आहे त्याचे: निवडणुकीचे, बंडखोरीचे, पक्षांतराचे. ‘हवा’ असते ती एखाद्या माणसाची किंवा पक्षाची, आणि ती केली जाते, भरली जाते, काढून घेतली जाते, डोक्यातही जाते. ‘लाट’ निकालानंतर दिसते. वादळ शिल्लक राहतं ते विधानसभेसाठी. प्रत्येक अधिवेशन आदल्या दिवशी ‘वादळी ठरण्याची शक्यता’ असते. या शेवटच्या शब्दावर तरी पायऱ्या बसवायला हव्यात. कामकाज किती वेळा आणि किती मिनिटं तहकूब झालं, सभापतींच्या आसनासमोर कोण गेलं, मार्शलना बोलावलं का. एवढं दिलं की ‘वादळी’ लिहायची गरज उरत नाही.

‘वारे’ डेस्कवर इतकं लाडकं का, याचं एक कारण अगदी कारागिरीचं आहे. दोन अक्षरी शब्द आहे, सिंगल कॉलमात बसतो, वर काना-मात्रांची गर्दी नाही. दुसरं कारण कमी निरागस आहे. ‘पक्षांतराचे वारे’ या मथळ्याला सूत्र लागत नाही, नाव लागत नाही, खंडन आलं तर माघार घ्यावी लागत नाही. वारा सुटला होता, पडला. कुणाचं काय बिघडलं? तीच बातमी ‘तीन आमदार पक्ष सोडण्याच्या विचारात’ अशी लिहायला गेलं की कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, त्याचा फायदा काय, हे सगळं दारात उभं राहतं. अशी कॉपी हातात आली की तीन गोष्टी कराव्यात. ‘वारे’ खोडून त्या जागी कर्ता घालून पाहावा. कर्ता मिळाला नाही तर बातमीदाराला परत पाठवावं. आणि संख्या मागावी, कारण पक्षांतराच्या वाऱ्यालाही ३४ नॉटसारखी एक कायदेशीर पायरी आहे.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी ती फूट मानली जायची. ती तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. आता दोन तृतीयांशांनी विलीनीकरण मान्य केलं तरच अपात्रतेतून सुटका. जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसचे पंधरा आमदार होते, गेले दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरा होते, गेले आठ; अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून सातांनी भागलं नसतं. दोन्ही वेळा आकडा काठावरचा आहे. तेव्हा अकरा आमदारांच्या पक्षात ‘दोन आमदार अस्वस्थ’ हे अजून कमी दाबाचं क्षेत्र असतं, पाचवर गेलं की डिप्रेशन, आणि आठवा शोधला जातोय असं कळलं की नाव देण्याची वेळ. आठवा कोण आणि तो किती वाजता कुणाच्या बंगल्यावर गेला होता, ही खरी बातमी.

‘हवा कुणाची?’ या लेखांबद्दल तर गोव्यात विशेष जपून राहावं. चाळीस मतदारसंघ, प्रत्येक इतका लहान की उमेदवार मतदाराच्या घरचं नाव जाणतो. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, साखळीचा ६६६, पणजीचा ७१६. शहात्तर मतं म्हणजे एका वाड्यावरची दहा-पंधरा घरं. तिथे हवा कुणाची होती असं विचारण्यात अर्थ नाही. त्या घरांत शेवटच्या आठवड्यात कोण गेलं ते विचारावं. आणि १९६७ चं वर्ष तर प्रत्येक राजकीय बातमीदाराने भिंतीवर लिहून ठेवावं. १६ जानेवारीच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली आणि वेगळं राहण्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. मराठी वर्तमानपत्रं तेव्हा दोन्ही बाजूंना होती, ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, मडगावचं ‘राष्ट्रमत’ विरोधात, दोन्ही मराठीतूनच. कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला. आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. मतदार तेच, वर्ष तेच. जानेवारीचा वारा मोजून मार्चचं भाकीत करणाऱ्याचं काय झालं असेल?

‘वाऱ्यावर सोडले’ या वाक्प्रचाराला गोव्यात एक कायमचा शब्द जोडलेला आहे: खाण अवलंबित. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हापासून ट्रकमालक, बार्जमालक, यंत्रचालक सगळे मथळ्यांत वाऱ्यावर आहेत. वाक्प्रचार वाईट नाही. त्यात उघड्यावर टाकून दिल्याची थंडी आहे. अडचण अशी की सोडणारा प्रत्येक वेळी ‘सरकार’ असतो आणि नेमकं काय द्यायचं ठरलं होतं, किती दिलं, कुठे अडलं, हे वाक्प्रचाराच्या जोरावर गाळलं जातं. मच्छीमारांच्या बाबतीत तर तो वापरूच नये. वादळात अडकलेल्या ट्रॉलरवरच्या माणसांना ‘सरकारने वाऱ्यावर सोडले’ हे वाचताना अलंकार कुठे संपतो आणि वारा कुठे सुरू होतो ते कळत नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या घरी तर नाहीच.

गावाकडच्या बातमीदाराच्या कॉपीत एक वारा असा येतो की तो डेस्कवर ओळखलाच पाहिजे. ‘अमुक यांच्या अंगावरून वारं गेल्याने त्यांना बांबोळीला दाखल केले.’ हा पक्षाघात, आणि बांबोळी म्हणजे तिथलं सरकारी इस्पितळ. नव्या उपसंपादकाने हवामानाच्या चौकटीत टाकू नये एवढी काळजी घ्यावी. ‘कानात वारं शिरलेलं वासरू’, ‘वाऱ्यालाही उभं न करणं’ ही मंडळी मात्र निरुपद्रवी आहेत, आणि ‘वारेमाप’ हा शब्द मला नेहमी जरा खटकतो: ज्याचं माप वारा घेतो तो खर्च न मोजलेला, आणि वाऱ्याचं माप मात्र आपण दहा मीटर उंच खांबावर, दर तीन तासांनी घेतो.

त्या तीन तासांचीच शेवटची अडचण. चक्रीवादळाच्या दिवसांत रात्री साडेअकराची निरीक्षणं हाती येईपर्यंत तालुक्यांची पानं सुटलेली असतात. शहराच्या आवृत्तीला तास-दीड तास असतो. वाचक पेपर उघडतो सकाळी सहा-साडेसहाला, तोवर आणखी दोन निरीक्षणं होऊन गेलेली असतात. ‘वादळ गोव्यापासून अमुक किलोमीटरवर आहे’ हे वाक्य छापताना खरं असतं आणि वाचताना खोटं. ‘आहे’ काढायचं, ‘होते’ घालायचं, आणि पुढे ‘रात्री साडेअकराच्या निरीक्षणानुसार’ हे तीन शब्द. कॉलम भरला असेल तर ‘घोंघावणारे’ काढावं, जागा होते.